प्रश्न तुमचे: मॉडेलच्या जहाजावर तोफा कुठल्या बसवायच्या?

प्रश्न: एचएमएस व्हिक्टरी या जुन्या इंग्रजी युद्धनौकेचं लाकडी मॉडेल करतोय, स्केल १:७२. किटमधे पितळी तोफा आल्यात पण सगळ्याच्या सगळ्या एकाच मापाच्या, ३५ मिमी, आणि प्रत्येकीच्या पाठीवर दोन कड्या. खऱ्या जहाजावर अशाच होत्या का? बदलायच्या तर कशावरून ठरवू? — एक वाचक, ठाणे

उत्तर: अशा नव्हत्या हो. किटवाल्यांना एकच साचा परवडतो म्हणून सगळ्या डेकवर तीच तोफ. पण तोफांकडे जायच्या आधी तुमचं मॉडेल कुठल्या वर्षातलं आहे ते ठरवा, कारण व्हिक्टरी पाण्यात उतरली १७६५ ला आणि तिने फ्रेंच-स्पॅनिश आरमाराशी लढलेली ट्रफाल्गरची लढाई १८०५ ची, मधल्या चाळीस वर्षांत जहाजही बदललं आणि तोफाही. किटच्या पाठीमागचा भाग बघा, म्हणजे स्टर्न. तिथे बाहेर आलेल्या उघड्या गॅलऱ्या असतील तर ते जुनं रूप, सपाट आणि बंद खिडक्यांची रांग असेल तर १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीनंतरचं. बहुतेक किट्स दुसऱ्या प्रकारची असतात, तुमचंही तसंच असेल असं धरून पुढचं लिहितो.

ट्रफाल्गरच्या वेळचा हिशोब असा: सगळ्यात खालच्या डेकवर ३२ पौंडी ३०, मधल्यावर २४ पौंडी २८, वरच्यावर १२ पौंडी ३०, मागे क्वार्टरडेकवर १२ पौंडी १२ आणि पुढे फोकसलवर १२ पौंडी २ अधिक ६८ पौंडी कॅरोनेड (आखूड तोफा, पुढे सांगतो) २. झाल्या १०४. पौंड म्हणजे गोळ्याचं वजन, तोफेचं नाही, हा घोळ खूप जण करतात. (१७६५ चं मॉडेल असतं तर सगळ्यात खाली ४२ पौंडी लागल्या असत्या, त्या इतक्या जड की नंतर काढून ३२ च्या बसवल्या.)

आता घाबरू नका, १०४ तोफा नव्या करायच्या नाहीयेत. खालच्या तीन डेकच्या मिळून ८८ होतात आणि त्यातल्या बहुतेकांचं बाहेरून फक्त तोंड दिसतं. ३२ पौंडी तोफ साडेनऊ फूट लांब, म्हणजे १:७२ ला ४० मिमी, तुमची ३५ ची पडते आखूड, पण आत काय आहे ते कोण बघायला जाणार? तिथे लांबी सोडा आणि भोक बघा. ३२ पौंडीचं भोक या स्केलला साधारण २.३ मिमी, २४ चं २ च्या जरा वर, १२ चं १.६. किटची तोंडं सगळी सारखी असतात, तेव्हा छोट्या हँड ड्रिलने डेकप्रमाणे भोक मोठं करून घ्या, एवढ्यानेच खालची रांग जाड आणि वरची बारीक दिसायला लागते आणि जहाजाला एकदम वजन येतं. मी पहिल्या मॉडेलला हे केलं नव्हतं, तीन मजल्यांवर एकसारखी भोकं, बासरी वाटायची.

खरा जीव लावायचा तो क्वार्टरडेक आणि फोकसलच्या १६ वर, आणि वरच्या डेकच्या मधल्या उघड्या भागातून ज्या दिसतात त्या चार-सहांवर. इथे तीन गोष्टी बघा. एक, पाठीवरच्या कड्या घासून टाका, त्या ब्राँझच्या तोफांना उचलायला असायच्या, या काळातल्या इंग्रजी लोखंडी तोफांना नसतात. दोन, ट्रनियन, म्हणजे तोफ गाड्यावर ज्यावर टेकते ते दोन बाजूंचे खुंटे. किटमधे ते बरोब्बर मध्यातून आरपार घातलेले असतात, खऱ्या तोफेत मध्यरेषेच्या खाली असायचे. तीन, आणि हे महत्त्वाचं, तोफेच्या बुडाला जी गोल गाठ असते तिच्या वरती एक कडी हवी. ही ब्लोमफील्ड पद्धतीची खूण. तोफ उडाली की मागे धावते, तिला धरून ठेवणारा जाड दोर या कडीतून जातो. आधीच्या आर्मस्ट्राँग पद्धतीच्या तोफांना ती कडी नाही, दोर गाठीच्या मानेला अडकवायचे. म्हणजे बुडाकडे बघूनच कळतं मॉडेल करणाऱ्याला वर्ष माहितीये की नाही. ०.३ मिमीची तांब्याची तार ड्रिल बिटवर गुंडाळून कापली की कड्या तयार, चिकटवताना डोळे जातात तेवढं सोडा.

कॅरोनेड वेगळ्याच दिसतात हां, लांब तोफेच्या निम्म्याच्या आसपास लांबी, पोट मोठं, आणि खुंट्यांऐवजी खाली एक कान. किटची तोफ कापून हे होत नाही. स्कॉटलंडमधल्या कॅरन कारखान्यातून निघाल्या म्हणून ते नाव. ट्रफाल्गरला व्हिक्टरीच्या डाव्या बाजूच्या कॅरोनेडने फ्रेंच जहाज ब्युसँतोरच्या पाठीत बंदुकीच्या ५०० गोळ्यांचा डबा झाडला होता, तेव्हा ही जोडी नीट करा. गल्लीतल्या लेथवाल्याला चित्रात मापं लिहून दिली तर दोन नग करून देतो, फक्त बुडाचा उतार त्याला दोनदा समजवा, मला एकाने सरळ पाइप आणून दिला होता.

गाड्याची पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठी ठेवा, डेक बाहेरच्या बाजूला उतरतं म्हणून. आणि एक तोफ आधी सुकी बसवून बघा, तोंड खिडकीच्या मधोमध आलं पाहिजे. माझं एकदा सगळं चिकटवून झालं आणि मग कळलं की तोंडं खालच्या चौकटीला टेकतायत, बारा गाडे उचकटले.

प्रश्न: पितळेची चमक ठेवू की काळं करू? घरचे म्हणतात चमक छान दिसते. — एक वाचक, नाशिक

उत्तर: घरच्यांचं ऐकायचं तर स्वीडनचं व्हासा करा. १६२८ चं जहाज, ६४ तोफा, त्यातल्या ४८ तर २४ पौंडी ब्राँझच्या, तिथे थोडी पिवळट झाक चालते. ब्राँझ महाग म्हणून नंतरच्या आरमारांनी लोखंड घेतलं, त्यामुळे १८०० च्या आसपासच्या जहाजावर काळंच. ॲसिटोनने तेल काढा, मेटल प्रायमर, मग मॅट काळा, आणि कडांवर ६बी पेन्सिलीची पूड बोटाने चोळा. ग्लॉस अजिबात नको, प्लास्टिक वाटतं.

प्रश्न: कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातलं गुराब (मोठं लढाऊ जहाज) आणि गलबत (त्याहून लहान, वल्ह्यांचं) अशी जोडी करायची आहे, १:५०. जंजिऱ्याला जाऊन कलाल बांगडीचे फोटो काढलेत, तिचं छोटं रूप गुराबवर बसवलं तर? — एक वाचक, अलिबाग

उत्तर: अहो, कलाल बांगडी सिद्दीच्या किल्ल्यावरची, आणि तुम्ही ती आंग्र्यांच्या जहाजावर चढवताय! चेष्टा बाजूला, किल्ल्याची तोफ जहाजावर नको, तिच्या धक्क्याने गुराबच्या फळ्या निघतील. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनात गुराबची मांडणी स्पष्ट दिलेली आहे. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, मागे जो आडवा लाकडी पडदा असतो त्यात दोन खिडक्या आणि त्यातून पुढे तोंड करून दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी, त्या लांब निमुळत्या नाळेच्या वरून मारायच्या. बाजूच्या ६ ते ९ पौंडी. या दोन पुढच्या तोफा म्हणजे गुराबची ओळख, त्या नसल्या तर नुसतं दोन डोलकाठ्यांचं जहाज. तुमच्या स्केलला ९ पौंडीचं भोक २.१ मिमी, ६ पौंडीचं १.९ च्या आत.

तुमची एक सोय आहे. आंग्र्यांकडच्या तोफा काही विकत घेतलेल्या, काही पकडलेल्या जहाजांवरच्या, म्हणजे सरमिसळ. इंग्रजी फ्रिगेटला जी चूक ठरेल ती इथे शोभते, बाजूच्या तोफांत दोन-तीन वेगळ्या घाटाच्या घाला, एखादी ब्राँझची पण चालेल. फक्त बुडाला ब्लोमफील्डची कडी नको, ती कान्होजींनंतर पन्नासेक वर्षांनी आली.

गलबताला तोफा बारक्या, २ ते ४ पौंडी, सहा-आठ, किंवा मग नुसते कठड्यावर फिरणारे जंबुरे. जंबुऱ्यासाठी इंजेक्शनची सुई कापून नळी करा, मस्त होते. पण मोठ्या गलबताला ४०-५० वल्ही असतात, तेव्हा आधी वल्ह्यांच्या जागा पेन्सिलीने मार्क करा आणि मग उरलेल्या जागेत जंबुरे, नाहीतर वल्हं मारणाऱ्याच्या डोक्याला नळी लागेल.