सिनेमा-मालिकांमधलं कोकण खुद्द कोकणातल्या माणसाला कसं वाटतं?

'रात्रीस खेळ चाले' आणि हास्यजत्रा बघून इकडची भाषा आवडायला लागली, पण माणसं खरंच तशी बोलतात का आणि आम्हाला स्वतःला यातलं काय आवडतं, असं तुम्ही विचारलंय. मी कुडाळचा. मत एकांगी असणार, हे धरूनच वाचा.

आधी एक सांगतो, या दोन कार्यक्रमांत तुम्ही दोन वेगळ्या बोली ऐकल्यात. 'रात्रीस खेळ चाले'तल्या अण्णा नाईकांच्या घरात चालते ती आमची सिंधुदुर्गातली मालवणी. हास्यजत्रेतला ओंकार भोजने चिपळूणचा, त्याची ती रत्नागिरीकडची संगमेश्वरी. मुंबईत दोन्हींना सरसकट 'कोकणी' म्हणतात आणि मग गोव्याचे लोकही वैतागतात.

आवडीनिवडीबाबत माझी कसोटी एकच: आपण विनोदी आहोत हे पात्राला कळता कामा नये. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' अजून हसवतं ते याच कारणाने. 1980 साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं तेव्हा ते काही लगेच चाललं नव्हतं. पुलंनी पाहिलं, तोंड भरून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि मग गाडी सुटली ती 5000 प्रयोगांच्या पुढे गेली. त्यात गावकरी मिळून महाभारतातलं नाटक बसवतायत, बस्स, एवढीच गोष्ट. पण मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाला ते नाटक मनापासून पार पाडायचं असतं. कोणी धड वागत नाही म्हणून तो पेटतो, आणि पेटला की शिवी येते. त्याच्या कळकळीला आपण हसतो. पुढच्या कितीतरी मालवणी नाटकांनी शिव्या तेवढ्या उचलल्या, कळकळ तशीच विंगेत राहिली.

'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग 2016 चा, तो अण्णांच्या मृत्यूपासून सुरू होतो. मला आवडतो तो 2019 चा दुसरा, जो मागे जाऊन अण्णा जिवंत असतानाची गोष्ट सांगतो. भुतं काढून टाकली असती तरी मी बघितला असता. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला तो माणूस, ओसरीवर बसून अख्ख्या घराला धाकात ठेवणारा, आमच्याकडे बऱ्याच जणांना ओळखीचा वाटला. फक्त तसं कोणी मोठ्याने म्हणालं नाही. आणि पांडू! प्रल्हाद कुडतरकर त्या मालिकेचे लेखकही होते. त्यांचा पांडू 'इसारलंय' म्हणतो तेव्हा खरोखरच विसरलेला असतो. मालिका जोरात होती तेव्हा आकेरीच्या त्या वाड्यापाशी फोटोसाठी गाड्या थांबायच्या. अण्णांच्या शेवंताची, म्हणजे मालिकेतल्या त्यांच्या प्रेयसीची, चौकशी करणारे पाहुणे आमच्याही घरी आले, त्यांचं काय ते बोलत नाही.

सिनेमात आदित्य सरपोतदारचा 'मुंज्या' (2024) सगळ्यांनी पाहिला, पण त्याचाच 'नारबाची वाडी' (2013) कोणी पाहिलेला भेटत नाही. म्हाताऱ्या नारबाची नारळी-पोफळीची वाडी खोताला हवी असते. नारबा जिवंत असेपर्यंत पैसे द्यायचे आणि मग वाडी आपली, असा सौदा ठरतो. आणि नारबा काही मरत नाही! नारबा झालेले दिलीप प्रभावळकर यात एकही विनोद 'करत' नाहीत. 'मुंज्या' मी पॉपकॉर्न खाऊन विसरलो. 'तुंबाड'ही हिंदीच, पण त्यातला पाऊस खरा आहे. चित्रीकरण अनेक पावसाळे चाललं होतं, ते दिसतं.

2025 च्या 'दशावतार' सिनेमाबद्दल इथे बोललं तर मार पडेल, तरी बोलतो. प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री पूर्वार्धात अप्रतिम. उत्तरार्धात सिनेमा मोठा व्हायला जातो, तिथे मी थोडा बाहेर पडलो. कारण खरा दशावतार, म्हणजे आमच्या जत्रांतलं लोकनाट्य, त्याहून किती साधा असतो! त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद राजे-राक्षस जागच्या जागी रचतात, सोबत पेटी, मृदंग आणि झांज. स्त्रीपार्टीही पुरुषच. समोरच्याने अनपेक्षित वाक्य टाकलं की दुसऱ्याचा चेहरा बघायचा. कुठल्या स्टँडअपवाल्याला ही चपळाई जमणार? दशावतारी कलाकार सुधीर कलिंगण 2022 मध्ये गेले, त्यांच्या नाटकांची रेकॉर्डिंग यूट्यूबवर आहेत.

गाण्यांचं विचाराल तर नाखवा-होडीवाल्या गाण्यांवर माझा राग नाही, पण आमच्या मोबाइलवर वाजते ती डबलबारी. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात. रूपाचा अभंग, गजर, गौळण असं एकाने म्हणायचं, मग दुसऱ्याने आपली बारी करायची आणि जाता जाता आधीच्याला चिमटेही काढायचे. अभंगाला मध्येच सिनेमाची चाल लागते, पखवाज चढतो, आणि म्हातारे-कोतारे मान डोलावता डोलावता उभे राहतात. कोणाचे बुवा भारी यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

तुम्ही आधी 'नारबाची वाडी' बघा. डबलबारी हेडफोनवर ऐकू नका, पखवाजाचं काही कळायचं नाही. आणि दशावतार बघायला यायचं झालं तर कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की या. नाटक रात्री उशिरा उभं राहतं, तेव्हा दुपारी झोप काढून घ्या.