एआय कोड लिहून देत असताना प्रोग्रामिंग शिकण्यात अर्थ आहे का?

तुम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, वर्गातली बहुतेक मुलं असाइनमेंट एआयकडून करून घेतात, मग आपणच जावा (प्रोग्रामिंगची भाषा) का घोटायची, आणि पुढे नोकऱ्या राहतील का, असं विचारलंय. घोटा. का ते सांगतो.

मी दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. शेतकऱ्याने डेअरीवर दूध घातलं की त्याला एसएमएस जायचा: 'स. 12.4 लि. फॅट 4.1 एसएनएफ 8.6', पुढे दर आणि रक्कम. (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक.) 'सकाळ'चं 'स.' आणि 'लिटर'चं 'लि.' आम्ही हौसेने केलं नव्हतं. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. त्याच्या वर गेलं की 67-67 चे तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. त्यात 'श्री' डोळ्याला एक अक्षर दिसतं, पण मोजणीत ती चार भरतात: श, हलन्त, र आणि वेलांटी. हे सगळं मी कोडमध्ये तीन ओळींच्या कॉमेंटमध्ये, म्हणजे वाचणाऱ्यासाठीच्या टिपणात, लिहून ठेवलं होतं.

एका नव्या मुलाने मेसेज बनवणारा तो कोडचा तुकडा एआयकडून नीटनेटका करून घेतला. कॉमेंट गेली, मर्यादा 70 ची 160 झाली. जागा आहे म्हटल्यावर त्याने मेसेजही सुधारला: 'नमस्कार श्री.', 'सकाळचे संकलन', शेवटी 'धन्यवाद'. टेस्टिंगमध्ये मेसेज पोचला, सगळे खूश. महिनाअखेरीस एसएमएसचं बिल तिप्पट आलं.

मुलगा आळशी नव्हता. त्याने खात्री करायला नेटवर शोधलं होतं. मला त्याने ते पान दाखवलं: 'आजच्या डिजिटल युगात एसएमएसचे महत्त्व', 'चला तर मग जाणून घेऊया', आणि मधोमध 'मराठी एसएमएसची मर्यादा 160 अक्षरे'. लेखकाचं नाव नाही, तारीख नाही. एकदा तरी मराठी एसएमएसचं बिल भरलेल्या माणसाने हे लिहिलं नसतं. मराठीत तांत्रिक लिखाण आधीच मूठभर, त्यात असली पानं भरली की खरं शोधणार कुठे? स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर 2022 मध्ये, चॅटजीपीटी येऊन आठवडा होत नाही तोच, त्याची उत्तरं टाकायला बंदी केली. कारण हेच: उत्तर दिसायला बरोबर, निघायचं चूक, आणि तपासायला माणसं पुरायची नाहीत.

आमच्या मालकांचं म्हणणं वेगळं होतं. 'तुम्ही रिव्ह्यूत (दुसऱ्याचा कोड तपासण्यात) दोन दिवस घालवता, मुलं तासाभरात काम उरकतात.' हा बदल रिव्ह्यूविना गेला तो त्यांच्याच हुकमावरून. बिल आल्यावरही ते 'वेग तर वाढला ना' म्हणत राहिले. तेव्हा माझ्याकडे आकडा नव्हता, आता आहे. मीटर (METR) या एआयची चाचणी घेणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच नेहमीच्या प्रोजेक्टवर खरी कामं दिली, काही एआयसह, काही एआयविना. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर विचारलं तर ते म्हणाले, एआयमुळे आमचा 20 टक्के वेळ वाचला. काम उरकल्यासारखं वाटणं आणि काम होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेच मी मालकांच्या केबिनमध्ये सांगत होतो.

माणसं 16च होती आणि टूल्स 2025 च्या सुरुवातीची, हेही खरं. रेगेक्स (मजकुरातला ठरावीक नमुना शोधायचं सूत्र) आणि टेस्ट केसेस मीही एआयकडूनच लिहून घेतो. नोकऱ्यांचं विचारलंत, त्यावर मी काही बोलत नाही. पण आज घरी एक करा: जावात 'श्री'ची लांबी छापून बघा, 4 येईल. का येते ते एआयला विचारण्याआधी स्वतः शोधा.