केमिकल आणि पेट्रोलियमचे ड्युअल मास्टर्स : सामायिक क्रेडिटची मंजुरी आधी लेखी घ्या

माटुंग्याहून केमिकलची पदवी घेतल्यानंतर अमेरिकेत केमिकल आणि पेट्रोलियम अशी दोन मास्टर्स एकत्र करावीत का, आणि दुसऱ्या विभागाची कागदपत्रे 'तिथे गेल्यावर सावकाश' केली तर चालतील का, असे तुम्ही विचारले आहे. २०१७ मध्ये चेंबूरहून निघताना माझाही हाच बेत होता. तुमचा 'सावकाश' हा शब्द वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण मला सर्वांत महागात पडले ते तेच. जीआरई, शिफारसपत्रे आणि व्हिसाची मुलाखत यांविषयी मी लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

ड्युअल मास्टर्सचा सगळा फायदा सामायिक क्रेडिटमध्ये, म्हणजे दोन्ही पदव्यांसाठी मोजल्या जाणाऱ्या विषयांच्या श्रेयांकांमध्ये असतो. माझ्या विद्यापीठात प्रत्येक मास्टर्सला ३० क्रेडिट लागत आणि दोन्ही विभागांनी मान्यता दिल्यास त्यांतील ९ क्रेडिट दोन्हीकडे धरता येत, म्हणजे ६० ऐवजी ५१ क्रेडिटमध्ये दोन पदव्या होत. पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी ९ क्रेडिट म्हणजे एक अख्खे सत्र. मी प्रगत थर्मोडायनॅमिक्स, ट्रान्सपोर्ट फिनॉमिना आणि संख्यात्मक पद्धती हे तीन विषय याच हिशेबाने निवडले होते, आणि पेट्रोलियमच्या प्राध्यापकांनी ते दोन्हीकडे चालतील असे तोंडी सांगितलेही होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे कामकाज पाहणाऱ्या कार्यालयात मी दोनदा जाऊन विचारले आणि दोन्ही वेळा, सामायिक विषयांचा अर्ज शेवटी भरायचा असतो, एवढेच उत्तर मिळाले.

तो 'शेवट' कोणता, हे मी विचारले नाही, ही माझी चूक. आई-बाबांना पदवीदान समारंभाला यायचे होते, म्हणून तिसऱ्या सत्राअखेर, डिसेंबर २०१८ मध्ये, केमिकलचे ३० क्रेडिट पूर्ण होताच मी त्या पदवीसाठी अर्ज केला आणि पदवी मिळाली. जानेवारीत सामायिक विषयांचा अर्ज घेऊन गेले तेव्हा त्याच कार्यालयाने सांगितले की, एकदा प्रदान झालेल्या पदवीचे क्रेडिट दुसऱ्या पदवीकडे वळवता येत नाहीत आणि दोन्ही विभागांची मंजुरी पहिली पदवी मिळण्यापूर्वीच नोंदवलेली असावी लागते. पेट्रोलियम विभाग पत्र द्यायला तयार होता, तरीही कार्यालय हलले नाही. दोनदा विचारणाऱ्या विद्यार्थिनीला एक तारीख सांगणे कोणालाच जड नव्हते, आणि याचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

परिणामी डिसेंबर २०१९ मध्ये संपणारे शिक्षण मे २०२० पर्यंत लांबले. त्याच वर्षी २० एप्रिलला अमेरिकेतील डब्ल्यूटीआय कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. एक सत्र आधी बाहेर पडलेले माझे दोन सहाध्यायी तोवर कामाला लागले होते. माझ्या अर्जांना मात्र कित्येक महिने उत्तरेच आली नाहीत. इकडे शैक्षणिक कर्ज जुन्या मुदतीवर मंजूर झालेले असल्याने, हप्ते लवकर सुरू होऊ नयेत म्हणून बाबांना बँकेच्या शाखेत चार खेपा घालाव्या लागल्या. म्हणून कर्जाच्या अर्जातच दोन्ही पदव्यांचा एकत्रित कालावधी लिहून घ्या.

आता, हे करावे का? माझे मत पक्के आहे, पण ते एका व्यक्तीच्या अनुभवावरचे आहे, एवढे लक्षात ठेवा. रिफायनरीत किंवा प्रक्रिया-रचनेत काम करायचे असेल, तर दुसऱ्या मास्टर्सवर पैसे घालू नका, केमिकल पुरेसे आहे. तेलसाठ्यांचे अभियांत्रिकी, तेलाची वाढीव प्राप्ती किंवा भूगर्भातील कार्बन साठवणूक यांत शिरायचे असेल, तर मात्र ही जोडी खरोखर उपयोगी पडते. केमिकलमध्ये शिकलेले, दाब, तापमान आणि आकारमान यांचा संबंध सांगणारे १९७६ चे पेंग-रॉबिन्सन समीकरण तेलसाठ्यातील तेल आणि वायूच्या अवस्थांसाठी जसेच्या तसे लागते आणि सच्छिद्र खडकातील प्रवाहाचा डार्सीचा नियम भरण-स्तंभातील (बारीक तुकड्यांनी भरलेल्या नळकांड्यातील) प्रवाह शिकलेल्याला परका वाटत नाही. चेंबूरला लहानपणापासून मी माहुलच्या रिफायनऱ्यांच्या चिमण्या पाहिल्या होत्या, परंतु किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायच्या चुनखडीतून तेल वर कसे येते आणि त्यासाठी खाली पाणी का सोडावे लागते, हे मला पेट्रोलियमच्या वर्गातच कळले.

दोन मास्टर्स म्हणजे दुप्पट ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आपल्या विषयात काम करण्याची मुदत), हा गैरसमजही काढून टाका. एका शैक्षणिक स्तरावर १२ महिने एकदाच मिळतात, त्यापुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांची मुदतवाढही त्या स्तरासाठी एकदाच. नियम बदलू शकतात, म्हणून प्रवेश घेताना आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून खात्री करून घ्या.

तुमच्या जागी मी असते, तर पहिल्या सत्राच्या नोंदणीआधी दोन्ही विभागांच्या समन्वयकांना आणि त्या पदव्युत्तर कार्यालयाला एकाच ईमेलमध्ये घेऊन तीन गोष्टी विचारल्या असत्या : कोणते विषय दोन्हीकडे धरले जातील, मंजुरीचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, आणि दोन्ही पदव्या एकाच सत्रात प्रदान करता येतील का. उत्तर लेखी येईपर्यंत पहिल्या पदवीसाठी अर्ज करू नका, घरच्यांची तिकिटे काढून झाली असली तरीही. तुमच्या विद्यापीठाची विषययादी इथे दिलीत, तर सामायिक होण्याजोगे विषय कोणते, ते मी पाहून सांगेन.