कायद्याचं विचारा : विहिरीला रंग आला, मुदत गेली का?

प्रश्न : आमचं शेत दक्षिण सोलापूर तालुक्यात ओढ्याकाठी आहे. वरच्या अंगाच्या एका डाइंगचं (सूत रंगवण्याच्या कारखान्याचं) पाणी ओढ्यात सुटतं. दीड वर्षापासून विहिरीच्या पाण्याला रंग येतो. हरित न्यायाधिकरणाची मुदत सहा महिन्यांचीच, आता उशीर झाला, असं लोक म्हणतात. खरं का?

उत्तर : अर्धंच खरं. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात कलम १४ खालच्या वादाला कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने मिळतात, सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. पाणी रोज सुटतं म्हणून मुदतही रोज नव्याने सुरू होते, असं धरून चालू नका. पण नुकसानभरपाई आणि विहीर-जमीन पूर्ववत करून मागणं कलम १५ मध्ये बसतं, त्याला ५ वर्षं आहेत. तेव्हा मागणी तशीच लिहा. नुसतं ‘कारखाना बंद करा’ लिहिलेले अर्ज मुदतीवर अडकतात. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या १ टक्का, किमान १००० रुपये. पीठ पुण्यात आहे, वकील सक्तीचा नाही.

खरी लढाई पुराव्याची. तुम्ही बाटलीत भरून नेलेलं पाणी तक्रारीला जोर देतं. पण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखालच्या कारवाईत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कलम २१ प्रमाणे नोटीस देऊन, मोहोरबंद करून घेतलेला नमुनाच चालतो. म्हणून मंडळाच्या सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार द्या, पाणी कोणत्या वेळी सुटतं तेही लिहा आणि पोच घ्या. पावसानंतर घेतलेला नमुना पातळ निघतो. रंगावरच भर देऊ नका. सूत रंगवताना मीठ भरपूर लागतं. प्रक्रियेत रंग उतरला तरी विरघळलेले क्षार तसेच राहतात, आणि पिकाला तेच मारतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि क्लोराइडची तपासणी मागा, ओढ्याच्या वरच्या बाजूच्या विहिरीचीही, म्हणजे तुलना होते. मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र माहिती अधिकारात १० रुपये शुल्काचा अर्ज करून मागता येतं. त्यात किती पाणी, कुठे सोडायला परवानगी आहे ते पाहा.

भरपाईचा आधार भक्कम आहे. उदयपूरजवळच्या बिछडीत रंगाला लागणाऱ्या एच-अ‍ॅसिडच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च त्यांच्यावरच टाकला. ‘प्रदूषण करणाराच भरेल’ हे तत्त्व आता कलम २० मुळे न्यायाधिकरणाला लावावंच लागतं.

प्रश्न : नान्नजच्या माळढोक अभयारण्याची तक्रारही तिथेच न्यायची का?

उत्तर : नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत, म्हणजे त्याच्या अखत्यारीतल्या कायद्यांच्या यादीतच नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरच्या रिट मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.