आर्किटेक्टविरुद्ध परिषदेकडे तक्रार झाली, तर बचाव कशाच्या आधारावर उभा करावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे : एका बंगल्याच्या मालकाने तुमच्याविरुद्ध काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे, म्हणजे आर्किटेक्टची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेकडे, तक्रार केली आहे. देखरेखीत हयगय केल्यामुळे शौचालयांतून गळती सुरू झाली आणि थकलेल्या फीसाठी तुम्ही नकाशे अडवून ठेवले, असे त्यातले दोन मुख्य आरोप आहेत. परिषदेची नोटीस हाती आली आहे आणि आता नोंदणीच रद्द होईल, या भीतीने तुम्हाला काही सुचेनासे झाले आहे. मी वकील आहे आणि आर्किटेक्ट मंडळींच्या वतीने अशा चौकशांमध्ये अनेकदा उभा राहिलो आहे. तुमची कागदपत्रे पाहिल्याशिवाय निकालाबद्दल काही बोलणे योग्य होणार नाही, पण एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो. या चौकशीत तुम्ही जी पहिली लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला उत्तर, दाखल कराल, तिच्यावर जवळपास सगळे अवलंबून असते, कारण पुढच्या सुनावणीत तीच तपासली जाते आणि तिच्यात राहिलेली उणीव नंतर भरून काढणे फार कठीण जाते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२ मधील कलम ३० स्वतः वाचा. सिद्ध झाल्यास संबंधित व्यक्ती आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय करण्यास अपात्र ठरेल, असे व्यावसायिक गैरवर्तन घडल्याचे तक्रारीवरून परिषदेचे मत झाले, तर परिषद चौकशी करू शकते, असे हे कलम सांगते. ‘अपात्र ठरेल असे’ हे शब्द तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत. प्रत्येक चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली एका वकिलाच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात निष्काळजीपणा आणि व्यावसायिक गैरवर्तन यांत फरक केला होता आणि नैतिक अधःपतनाचा अंश नसलेली निव्वळ हयगय किंवा निर्णयातील चूक गैरवर्तनाच्या सदरात बसत नाही, असे म्हटले होते. व्यवसाय वेगळा असला तरी हे तत्त्व तुमच्या कैफियतीच्या सुरुवातीलाच मांडण्यासारखे आहे. मात्र केवळ त्याच्या भरवशावर राहू नका, कारण हयगय किती गंभीर होती हा प्रश्न शेवटी वस्तुस्थितीवरच येऊन ठेपतो.

नोटिशीत कोणते कलम नमूद केले आहे तेही नीट पाहा. कलम २९ खाली नाव कमी करण्याची कारणे निराळी आहेत : चुकीने किंवा माहिती दडवून झालेली नोंदणी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील शिक्षा, दिवाळखोरी वगैरे. तुमच्या तक्रारीचा त्या कलमाशी संबंध दिसत नाही.

आता तक्रारीतील प्रत्येक आरोप ‘आर्किटेक्ट्स (प्रोफेशनल कंडक्ट) रेग्युलेशन्स, १९८९’ मधील कोणत्या उपखंडाखाली येतो, ते शोधून काढा. तक्रारदार बहुधा सगळे उपखंड एकत्र ओढून आणतात. एका प्रकरणात गळतीच्या तक्रारीसोबत बांधकामावर लावलेल्या नावाच्या फलकाबद्दलही आरोप होता, कारण फलकावरील अक्षरांची उंची १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असे त्या नियमांत सांगितले आहे. असा आरोप किरकोळ वाटला तरी त्यालाही उत्तर द्या, कारण उत्तर न दिलेला मुद्दा मान्य असल्यासारखा वाचला जातो. ‘तक्रारीतील सर्व मजकूर खोटा असून मान्य व कबूल नाही’ एवढे एकच वाक्य लिहून मोकळे होणारी कैफियत मला सर्वांत दुबळी वाटते. परिच्छेदनिहाय उत्तर द्यावे, जे खरे आहे ते खरे म्हणावे, आणि जे नाकारायचे ते कोणत्या कागदाच्या आधारे नाकारत आहोत हे तिथल्या तिथे सांगावे.

तुमच्या प्रकरणाचा गाभा देखरेखीत आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. आर्किटेक्टची देखरेख आणि साइटवरील रोजची देखरेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिषदेच्या नेमणुकीच्या अटींमध्येही आर्किटेक्टने परस्परांत ठरलेल्या अंतराने साइटला भेट द्यावी, कामाची पाहणी करावी आणि गरज पडेल तेथे खुलासा करावा, अशी अपेक्षा आहे. दिवसभर उभे राहून काम करवून घेण्यासाठी मालकाने सुपरवायझर किंवा बांधकाम व्यवस्थापन करणारी यंत्रणा नेमायची असते. त्यामुळे तुमच्या नेमणूकपत्रात भेटींविषयी काय ठरले होते, हा पहिला प्रश्न येतो. ठरलेल्या भेटी तुम्ही दिल्या का आणि त्या भेटींत दिसलेला दोष तुम्ही कोणाला, कोणत्या तारखेला कळवला, हे दाखवणे त्यानंतर येते.

मी हाताळलेल्या एका प्रकरणात हेच निर्णायक ठरले होते. आर्किटेक्टने माझ्यासमोर साइटची सूचनावही ठेवली. पावसात भिजून तिची पाने फुगली होती आणि एका पानावर सिमेंटचा डाग होता. त्या पानावर शिसपेन्सिलीने दोनच ओळी होत्या : ‘पहिला मजला, मागील टॉयलेट. सनकन स्लॅबमध्ये पाणी भरून ४८ तास चाचणी घेतल्याशिवाय ब्रिकबॅट कोबा टाकू नये.’ सनकन स्लॅब म्हणजे शौचालयासाठी खाली घेतलेला स्लॅब आणि ब्रिकबॅट कोबा म्हणजे त्यावर टाकायचा विटांच्या तुकड्यांचा थर. सूचनेखाली तारीख आणि ठेकेदाराच्या सुपरवायझरची सही होती. दहा दिवसांनंतरच्या पानावर त्याच हस्ताक्षरात नोंद होती की चाचणी न घेताच कोबा टाकलेला आढळला आणि मालकांना फोनवर कळवले. आर्किटेक्टने मला विचारले, ‘फोनच्या जागी लेखी कळवले असे पेनाने लिहून देऊ का?’ मी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. जे होते तेवढेच आम्ही दाखल केले आणि त्या दिवशीच्या कॉलची नोंद मोबाइल कंपनीच्या बिलातून जोडली. सूचनावहीत एक अक्षर जरी मागाहून घातले असते, तर उरलेल्या सगळ्या खऱ्या नोंदी संशयाच्या झाल्या असत्या आणि मूळ तक्रारीपेक्षा गंभीर असा दुसरा आरोप पदरात पडला असता. तुमच्याकडे अशी वही असेल, तर आजच तिच्या पानांना क्रमांक द्या, प्रत्येक पानाची छायाप्रत काढा आणि मूळ वही कुलपात ठेवा.

वही नसेल तरी घाबरू नका. साइटच्या छायाचित्रांमधील तारखा, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, ठेकेदाराच्या बिलांवरील तुमचे शेरे, ई-मेल या सगळ्यांतून घटनाक्रम उभा राहतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, म्हणजे तो पुरावा कोणत्या उपकरणातून कसा घेतला हे सांगणारे, प्रमाणपत्र जोडून ठेवा. परिषदेची चौकशी दिवाणी न्यायालयातील दाव्याइतकी काटेकोर नसते हे मान्य, पण हाच पुरावा उद्या ग्राहक आयोगासमोरही लागू शकतो.

नकाशे अडवल्याचा आरोप मला अधिक नाजूक वाटतो. वास्तूचे नकाशे ही कॉपीराइट अ‍ॅक्ट, १९५७ प्रमाणे कलाकृती आहे, आणि वेगळा करार नसेल तर स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या आर्किटेक्टचाच तिच्यावर हक्क असतो. मात्र ज्या टप्प्याची फी मिळाली आहे त्या टप्प्याचे नकाशेही तुम्ही रोखले असतील, तर हक्काच्या भाषेने ते झाकले जाणार नाही. फीचे टप्पे, मिळालेली रक्कम आणि दिलेले नकाशे असा तारखांसह तक्ता करा. रोखणे कोणत्या टप्प्यावर सुरू झाले ते त्यातून आपोआप दिसेल. १९८९ च्या नियमांनुसार नेमणुकीच्या अटी आणि फी ग्राहकाला कळवून त्याच आधारावर नेमणूक ठरवणे ही आर्किटेक्टची जबाबदारी आहे, म्हणून लेखी नेमणूकपत्र नसेल तर ती उणीव प्रामाणिकपणे मान्य करून प्रत्यक्ष व्यवहारातून अटी कशा ठरल्या होत्या ते सांगावे.

उत्तराची मुदत अपुरी वाटली तर ती संपण्यापूर्वी लेखी अर्ज करून मुदतवाढ मागा आणि पोच जपून ठेवा. व्यावसायिक दायित्वाचा विमा असेल तर विमा कंपनीला नोटिशीची प्रत लगेच पाठवा. नोंदणीचे नूतनीकरण थकलेले नाही ना, तेही तपासा. फी न भरल्याने नाव कमी होण्याची तरतूद कायद्यात आहे आणि चौकशीच्या तोंडावर ते अंगाशी येते. तक्रारदाराला रागाच्या भरात एकही संदेश पाठवू नका. तडजोडीची बोलणी करायची असतील तर ती वकिलामार्फत आणि कोणताही आरोप मान्य न करता व्हावीत. तडजोड झाली म्हणजे चौकशी आपोआप संपली असेही धरून चालू नका, कारण परिषदेसमोरचा प्रश्न तुमच्या वर्तनाचा असतो.

सुनावणीला स्वतः हजर राहा. तक्रारदाराने दाखल केलेल्या सर्व कागदांच्या प्रती मागा, आणि गळतीबद्दल तज्ज्ञाचा अहवाल जोडला असेल तर त्या तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याची संधी लेखी अर्जाने मागा. संधी नाकारली गेली तर ते रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदवून घेण्याचा आग्रह धरा.

कलम ३० खाली परिषद समज देऊ शकते, व्यवसायातून निलंबित करू शकते, नोंदवहीतून नाव कमी करू शकते किंवा योग्य वाटेल तो अन्य आदेश काढू शकते. म्हणजे आरोपाचा काही भाग सिद्ध झाला तरी नाव जाणे हा एकच शेवट नसतो. म्हणूनच कैफियतीच्या अखेरीस पर्यायी विनंती म्हणून शिक्षेच्या प्रमाणाबद्दल वेगळा परिच्छेद असावा : आजवरची सेवा, पूर्वी एकही तक्रार नसणे, गळती दुरुस्त करून देण्यासाठी तुम्ही दिलेला प्रस्ताव. ऐकून न घेता किंवा कारणे न देता आदेश झाला, अथवा शिक्षा दोषाच्या मानाने धक्कादायक वाटावी इतकी कठोर असली, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. उच्च न्यायालय सहसा पुरावा नव्याने तोलत बसत नाही. परिषदेसमोर तुम्ही काय मागितले होते आणि ते कसे नाकारले गेले, हे ते दप्तरातून पाहते.