मांगूर काढायचा कसा? वाचकांचे प्रश्न

मे सरत आला की मांगुराबद्दलची, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या आणि आपल्याकडे बंदी असलेल्या मिशाळ माशाबद्दलची पत्रं वाढतात. परका मासा कोणता, आपला कोणता आणि परका काढायचा तर कसा, हाच घोळ बहुतेक पत्रांत असतो. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो.

भीमेत जाळ्याला मोठा मांगूर लागला. परत सोडू का?
नाही. फोटो काढा, मारा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. जिवंत घेऊन कुठेही जाऊ नका.

गावठी मागूर आणि हा मांगूर, ओळखायचा कसा?
दोघांनाही आठ मिशा, दोघांनाही खवले नाहीत, म्हणून फसगत होते. आफ्रिकी मांगुराच्या राखाडी अंगावर काळपट डागांची नक्षी असते, डोकं रुंद आणि चपटं असतं, आणि तो हात-दीड हात सहज वाढतो. गावठी मागूर साधारण एकाच काळपट-तपकिरी रंगाचा असतो आणि फूट-दीड फुटापुढे सहसा जात नाही. वीतभर पिल्लू असेल तर मात्र फोटोवरून ठरवू नका. कवटीचं हाड पाहावं लागतं, ते जाणकाराला दाखवा.

बीजवाला म्हणतो, ‘हे हायब्रीड आहे, याला बंदी नाही.’ तळ्यात सोडू का?
नको. आफ्रिकी मांगुराच्या संवर्धनावर देशात २००० सालापासून बंदी आहे आणि नाव बदलून ती उठत नाही. त्याला पावतीवर शास्त्रीय नाव लिहून द्यायला सांगा. तो टाळाटाळ करेल. तेवढ्यावरून काय ते समजा आणि पैसे देण्याआधी मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.

मांगूर खाल्ल्यानं कॅन्सर होतो म्हणे?
कुणी सांगितलं? आफ्रिकेत हा मासा रोजच्या जेवणात असतो. आपल्याकडे त्याला कत्तलखान्याची आणि कोंबड्यांची सडकी आतडी घालून घाण पाण्यात वाढवतात, आक्षेप त्यावर आहे. तब्येतीची शंका डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सॲपला नको.

उन्हाळ्यात गावानं डोहातून मांगूर उपसले. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. कष्ट वाया गेले का?
उपसलेत ते बरंच केलंत, पण वरचा नळ उघडाच राहिला. नदीकाठची बेकायदा तळी तशीच असतील तर पहिल्या पुरात बांध फुटतो आणि सगळा माल नदीत येतो. पूरही लागत नाही. हा मासा हवेतला श्वास घेतो. पावसाळी रात्री ओल्या गवतातून छातीच्या काट्यांवर रेटत तो तळ्याबाहेर पडतो. दुसरं कारण जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकांच्या मापाचं. मोठ्या आसाच्या जाळ्यात मोठे सापडतात. त्यांनी खाल्ली असती ती त्यांचीच पिल्लं मग वाचतात आणि वर्षभरात जागा भरून काढतात. तेव्हा आधी तळी, मग डोह. तळी मृगाच्या आत रिकामी व्हायला हवीत. अर्ज दिलाय, पाहणी होईल, असं म्हणत जून उजाडला की वर्ष गेलं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला आत्ताच कामाला लावा आणि मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवा.

डोहात औषध टाकून एकदाच निकाल लावला तर?
मुळीच नाही. पाण्यात विष टाकून मासे मारणं १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे. दक्षिण आफ्रिकेत राँडेगाट नदीतून परका बास मासा २०१२ आणि २०१३ मध्ये रोटेनोन हे मासे मारणारं विष वापरून काढला, हे खरं आहे. पण तो पट्टा जेमतेम चार किलोमीटरचा होता. वर धबधबा, खाली बंधारा, आणि काम सरकारी देखरेखीखाली झालं. भीमेचा डोह असा बंद नाही. तिथे वाम, मरळ, खालच्या गावाचं पिण्याचं पाणी, सगळं एकच आहे.

परके मासे काढले. आता महाशीर आणून सोडावा म्हणतो.
थांबा. माझी खरी धास्ती इथेच आहे. मासा देशी आहे म्हणून तो प्रत्येक नदीचा होत नाही. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला आपल्या दख्खनचा महाशीर चांगल्या हेतूनं कावेरीत सोडला गेला. तिथे कुबड असलेला वेगळाच महाशीर होता, जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यातला. आपला मासा तिथे फोफावला आणि तो कुबडाचा दिसेनासा होत गेला. २०१८ साली त्याला शास्त्रीय नावाची ओळख मिळाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. ज्या नदीत मासे सोडायचे, तिच्यात आधी काय होतं हे म्हाताऱ्या मच्छीमारांना विचारा, आणि अभ्यासकाकडून नोंदवून घ्या. वाढदिवसाला, पुण्यतिथीला, फोटोसाठी मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम तर करूच नका. बहुतेकदा सोडण्याची गरजच नसते. वाळूउपसा थांबला आणि विणीच्या दिवसांत जाळी बंद राहिली की वरच्या ओढ्यांतून मासा खाली येतो. सोडायचाच असेल तर राज्य जैवविविधता मंडळाचा सल्ला घेतल्याशिवाय एक पिल्लूही नको.

मरळही पिल्लं खाते. तीही काढायची का?
नाही. ती इथलीच आहे.

डासांसाठी ओढ्यात गप्पी सोडू का?
ओढ्यात नको. बंदिस्त टाकीत सोडायचे असले तरी आधी आरोग्य केंद्रात विचारा.