आधी पार्ट वाचा, मग अरेंजमेंट मागवा

प्रश्न : आमच्या शाळेच्या बँडमध्ये दोन ट्रम्पेट, एक आल्टो सॅक्सोफोन, दोन क्लॅरिनेट, एक युफोनियम, कीबोर्ड आणि ड्रमसेट आहे. मुलं सातवी ते नववीची. स्नेहसंमेलनासाठी स्विंगची (झुलत्या लयीच्या जॅझची) एक अरेंजमेंट (वाद्यांनुसार वाटून लिहिलेली रचना) रेकॉर्डिंग ऐकून मागवली, पण दोन महिने झाले तरी ती उभीच राहत नाही. (संगीत शिक्षिका, सांगली)

उत्तर : रेकॉर्डिंगवर साधारण १७ जण वाजवत असतात: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स. तुमच्याकडे आठ जण आहेत. मोठ्या बँडचे कागद आठ जणांत वाटले की कॉर्डमधला (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीतला) तिसरा किंवा सातवा स्वर ज्या पार्टमध्ये (एका वाद्याच्या कागदात) असतो, तो वाजवायलाच कोणी उरत नाही. सूर बरोबर येऊनही सगळं पोकळ वाटतं ते यामुळे. चार-पाच पार्टची, कोणत्याही वाद्यांवर वाजेल अशी ‘फ्लेक्स’ अरेंजमेंट घ्या.

मागवण्याआधी नमुना पानं नीट वाचा. पहिल्या ट्रम्पेटचा सूर पाच रेषांच्या लगेच वरच्या ‘जी’च्या पुढे वारंवार जात असेल किंवा ओठांना विश्रांतीच नसेल, तर ती अरेंजमेंट सोडून द्या. क्लॅरिनेटचा पार्ट तर बोट ठेवून तपासा. मधल्या ‘ए’ला जवळपास सगळी बोटं मोकळी असतात आणि लगेच वरच्या ‘बी’ला सगळी छिद्रं एकदम बंद करावी लागतात. चाल याच दोन सुरांभोवती घुटमळत असेल, तर नवख्या मुलाचं वाद्य तिथे हमखास किंचाळतं.

मुलांना स्विंग समजावायला दादरा हाताशी आहेच. ‘धा धी ना, धा ती ना’ म्हणत फक्त दोन ‘धा’वर पाय टेकवायचा. मग मधला बोल गाळून ‘धा–ना, धा–ना’ म्हणायचं. कागदावर सारखे दिसणारे दोन सूर असेच वाजतात: पहिल्याला दोन वाटे, दुसऱ्याला एक. मार्चची सवय असलेली मुलं तीनास एक करतात, आणि मग लय टांग्याच्या घोड्यासारखी उडते. मिनिटाला ११६ ते १३२ ठोक्यांची रचना निवडा. लय फार वाढली की हे वाटे आपोआप सारखे होत जातात, म्हणून २००च्या पुढची चीज शिकायला नको. टाळी पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर नाही, दुसऱ्या-चौथ्यावर. ड्रमवाल्याचा हाय-हॅटही (पायाने मिटणारी झांजांची जोडी) तिथेच मिटला पाहिजे आणि त्याचा बास ड्रम जेमतेम जाणवावा, मिरवणुकीसारखा घुमू नये.

प्रश्न : आमच्या चर्चच्या गायनवृंदात १४ बायका-मुली, दोन पुरुष आणि आवाज फुटत असलेले तीन मुलगे आहेत. नाताळासाठी चार आवाजांची स्विंग रचना पांढरी तीन पट्टीमध्ये बसवतो आहोत. टेनर (उंच पुरुषी आवाज) बुडतो. आता साथीला ट्रम्पेट आणि आल्टो सॅक्सोफोनही मिळाले आहेत. (सातारा)

उत्तर : टेनर तुमच्याकडे नाहीच, म्हणून तो बुडतो. सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), आल्टो (बायकांचा खालचा आवाज) आणि एकच पुरुषी आवाज अशी तीन आवाजांची रचना घ्या. फुटणाऱ्या आवाजाला सध्या पाच-सहा सूरच सोयीचे असतात. त्या मुलग्यांना एकेकटं गाऊन बघायला सांगा आणि जी ओळ त्यांच्या टापूत बसेल ती द्या. मधूनच दुसऱ्या ओळीवर गेले तरी चालेल.

पट्टी मात्र आजच बदला. पांढरी तीनला ट्रम्पेटच्या कागदावर सहा शार्प (सूर अर्धा चढवण्याच्या खुणा) येतात, आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर सात. अर्धा सूर उतरून काळी दोन घेतली की ट्रम्पेटला एकच फ्लॅट (सूर अर्धा उतरवण्याची खूण) उरतो आणि सॅक्सोफोनला काहीच नाही. गाणाऱ्यांना तो अर्धा सूर कळणारही नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गळे मींडेवर तयार झालेले असतात. सूर खालून उचलून घ्यायची सवय सुंदरच आहे, पण जॅझच्या दाट कॉर्डमध्ये दोन आवाज जेमतेम एका सुराच्या अंतरावर असतात. एकाने मींड घेतली की कॉर्ड गढूळ होते आणि आल्टो सोप्रानोच्या सुराकडे ओढली जाते. आधी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आवाज सरळ, न हलवता धरा. ते स्थिर झाले की मधला आवाज आत सोडा.

प्रश्न : एखाद्या अभंगाची स्विंग अरेंजमेंट आम्हीच केली तर? (बँडपथक, कऱ्हाड)

उत्तर : जरूर करा. द्रुत दादऱ्यात गायली जाणारी चाल घेतली तर १२ मात्रांचे चार ठोके सहज होतात. केरव्यातली चाल नव्याने तोडावी लागते. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, चाल मात्र कोणाची ते पाहा. संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात, तेव्हा अलीकडची चाल असेल तर लेखी परवानगी घ्या. पारंपरिक चाल असेल तर हा प्रश्न येत नाही.